पलटणीचा पाळक

१८८५च्या सुमारास अमेरिकी लष्कराकडे एक अर्ज आला. अर्जदार चाळिशी ओलांडलेला कृष्णवर्णीय बाप्टिस्ट पाळक होता. चोविसाव्या पायदळ पलटणीतल्या चॅप्लेनची, म्हणजे पलटणीच्या धर्मोपदेशकाची जागा रिकामी होण्याच्या बेतात होती आणि ती त्याला हवी होती. शिफारशींसाठी त्याने उत्तरेतले पुढारी गाठले, दक्षिणेतलेही गाठले. सगळं रीतसर केलं. पण या पत्रव्यवहारात त्याने कोणी विचारलेलं नसताना एक हमी देऊन टाकली. सरकारी कामाची हद्द कुठे संपते आणि सामाजिक अंतर कुठे सुरू होतं हे मला नेमकं ठाऊक आहे, ती रेघ मी आजवर ओलांडलेली नाही, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी निर्धास्त राहावं, हा माणूस कॅप्टनच्या दर्जाने आला तरी त्यांच्या पंगतीला येऊन बसणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हा अर्जदार म्हणजे अ‍ॅलन अ‍ॅलन्सवर्थ. १८८६ साली राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी त्यांची नेमणूक केली. क्लीव्हलँड डेमोक्रॅट, तर अ‍ॅलन्सवर्थ पक्के रिपब्लिकन. १८८० आणि १८८४च्या रिपब्लिकन अधिवेशनांना ते केंटकीचे प्रतिनिधी म्हणून जाऊन आलेले. तरीही नेमणूक झाली. पुढे वीस वर्षं त्यांनी पलटणीत काढली. १९०६ साली निवृत्त होताना त्यांना लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मिळाला. अमेरिकी लष्करात या हुद्द्यापर्यंत पोहोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय अधिकारी.

त्यांच्या चरित्राची प्रस्तावना मी या पत्रापासून सुरू केली, कारण हे पत्र वाचून मराठी वाचकाच्या मनात जी कळ उठेल ती त्याने दाबू नये असं मला वाटतं. स्वाभिमानी माणूस असं लिहितो का? लिहितो. आणि लिहून झाल्यावर त्याच खुर्चीत बसून आयुष्यभर दुसऱ्याला ताठ उभं राहायला शिकवतो. हे दोन्ही एकाच माणसात होतं हे मान्य केल्याशिवाय अ‍ॅलन्सवर्थ कळणार नाहीत. त्यांच्या आधी नियमित सैन्यात एकच कृष्णवर्णीय चॅप्लेन होते, नवव्या घोडदळाचे हेन्री प्लमर. त्यांची नेमणूक १८८४ची. दहाच वर्षांत, दारूच्या आरोपावरून कोर्टमार्शल करून लष्कराने त्यांना काढून टाकलं. पाऊल किती अरुंद फळीवर पडतंय हे अ‍ॅलन्सवर्थना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्यांचा जन्म ७ एप्रिल १८४२चा, केंटकी राज्यातल्या लुइव्हिलचा. आई फिलिस, वडील लिवाय, दोघेही गुलाम. तेरा भावंडांत अ‍ॅलन शेंडेफळ. मुलाने पुढे मोठा धर्मोपदेशक व्हावं म्हणून बिशप रिचर्ड अ‍ॅलन यांच्यावरून आईने हे नाव ठेवलं असं घरात सांगत. तेरा भावंडं म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे भरलेलं घर येतं. इथे तसं काही नव्हतं. एक बहीण पळून कॅनडाला गेली, एकीने पैसे भरून स्वतःला सोडवून घेतलं, आणि भाऊ नदीच्या खालच्या अंगाला, दक्षिणेत विकले गेले. गुलामांच्या लग्नाला कायद्यात जागा नव्हती. मूल आईचं नसे, आईच्या मालकाचं असे. म्हणून पुढच्या पानांत अ‍ॅलन्सवर्थ घरी कसे वागत, बायको-मुलींची किती काळजी घेत, हे वाचताना त्याकडे एखाद्या सज्जनाच्या घरगुती गुणांची यादी म्हणून पाहू नये. ज्याच्या लहानपणी कुटुंब ही विक्रीची वस्तू होती, त्याने कुटुंब उभं करणं हे त्याच्या आयुष्यातलं मोठं काम होतं. पलटणीतल्या कामाइतकंच मोठं.

मालकाच्या मुलाच्या दिमतीला अ‍ॅलनला ठेवलं होतं. त्याचं नाव थॉमस. थॉमस शाळेत जाऊ लागला आणि घरी येऊन अ‍ॅलनबरोबर शाळा-शाळा खेळू लागला, त्यातून अक्षरं आली. केंटकीत गुलामांना शिकवू नये असा लेखी कायदा नव्हता. त्याची गरजही नव्हती, मालकाची मर्जी पुरेशी होती. शिकणं उघडकीला आलं तसं अ‍ॅलनला तिथून हलवलं. ज्या घरी पाठवलं तिथली बाई क्वेकर पंथाची निघाली. तिने त्याचं वाचन चालू ठेवलं, गुलामांच्या रविवारच्या शाळेत त्याला नेलं. मूळ मालकिणीला हे कळल्यावर त्याला तिथूनही काढलं आणि आणखी लांबच्या मळ्यावर धाडलं. तिथे वाचण्याच्या प्रयत्नासाठी फटके बसले. पळून जायचा प्रयत्न फसला, आणि मग विकायला काढलं. न्यू ऑर्लिन्सच्या बाजारातून तो लुइझियानातल्या एका घोडेवाल्याकडे गेला आणि शर्यतीच्या घोड्यांवर जॉकी झाला. एवढ्या घडामोडी तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या. प्रत्येक वेळी निमित्त तेच: पोरगं वाचायला बघतंय.

यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा शर्यतींच्या निमित्ताने तो पुन्हा लुइव्हिलला आला होता. शहराजवळ ४४व्या इलिनॉय पलटणीचा तळ पडला होता. तिथल्या रुग्णसेवेच्या शिपायांशी ओळख झाली. त्यांनी त्याला जुना लष्करी कोट चढवला, चेहऱ्याला चिखल फासला आणि रांगेत उभं केलं. पलटण निघाली ती लुइव्हिलच्या रस्त्यांवरून, त्याच्या मालकाच्या गावातून, भरदिवसा. रांगेतला एक शिपाई कालपर्यंत कोणाची तरी मालमत्ता होता हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

काही काळ तो त्या पलटणीत रुग्णसेवकाचं काम करत राहिला. मग तिथले एक सर्जन, डॉक्टर गॉर्डन, त्याला ओहायोतल्या आपल्या घरी घेऊन गेले. तिथे तो त्यांच्या कुटुंबाबरोबर एका टेबलावर जेवला. झोपायला त्याला स्वतःची वेगळी खोली मिळाली. आपण मोकळा माणूस आहोत हे पहिल्यांदा त्या घरात जाणवलं असं ते नंतर सांगत. आता वरचं पत्र पुन्हा आठवावं. सामाजिक रेघ ओलांडणार नाही असं लिहून देणाऱ्या माणसाला त्या रेघेपलीकडच्या जेवणाची चव माहीत होती. आपण काय सोडतो आहोत हे त्याला पुरतं कळत होतं. मला तरी या सबंध आयुष्यात याहून अवघड जागा दिसत नाही.

१८६३ साली तो नौदलात भरती झाला. 'क्वीन सिटी' आणि 'पिट्सबर्ग' या नदीतल्या गनबोटींवर त्याने नोकरी केली, पेटी ऑफिसरच्या दर्जापर्यंत चढला आणि १८६५ला बाहेर पडला. विकल्या गेलेल्या भावांपैकी विल्यम आता भेटला होता. दोघांनी मिळून सेंट लुइसला दोन खाणावळी चालवल्या आणि त्या नफ्यात विकल्या. पैसा हाती होता, धंद्याची अक्कल होती. पण अ‍ॅलन लुइव्हिलला परतला आणि पंचविशीत एली नॉर्मल स्कूलमध्ये जाऊन बसला. अमेरिकन मिशनरी असोसिएशनने मुक्त झालेल्यांसाठी ही शाळा काढली होती. पुढे मुक्तजनांच्या शाळांत तो शिकवूही लागला.

याच वर्षांत तो लुइव्हिलच्या फिफ्थ स्ट्रीट बाप्टिस्ट मंडळीत आला. बाप्टिस्ट पंथाबद्दल इथे थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे सगळे प्रोटेस्टंट एकाच डब्यात टाकायची सवय आहे. बाप्टिस्ट मंडळीत तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल करायचा आणि मग पूर्ण पाण्याखाली जाऊन बाप्तिस्मा घ्यायचा. वर बिशप नाही, आर्चबिशप नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र. पाळक कोण असावा हे मंडळीनेच ठरवायचं, हिशेब तिनेच ठेवायचा, इमारतही तिचीच. नुकत्याच मोकळ्या झालेल्या माणसाला याचा अर्थ काय वाटला असेल? ज्याच्या शब्दाला कालपर्यंत किंमत नव्हती, त्याच्या स्वतःच्या कबुलीशिवाय इथे पान हलत नव्हतं. ज्याच्या नावावर काही नव्हतं, त्याच्या समाजाच्या नावावर एक वास्तू होती. लुइव्हिलची ही मंडळी गोऱ्यांच्या बाप्टिस्ट चर्चमधून वेगळी होऊन स्वतंत्र झाली ती १८४२ साली, अ‍ॅलनच्या जन्माच्याच वर्षी, गुलामगिरी पुरती चालू असताना. हेन्री अ‍ॅडम्स हे तिचे पाळक. अमेरिकेतलं कृष्णवर्णीयांचं सार्वजनिक काम पुढची शंभर वर्षं अशाच मंडळ्यांच्या आधाराने उभं राहिलं. मार्टिन ल्यूथर किंग हेही बाप्टिस्ट पाळकच.

एप्रिल १८७१मध्ये अ‍ॅलन्सवर्थना पाळकपदाची दीक्षा मिळाली. नंतर त्यांनी नॅशव्हिलला जाऊन धर्मशास्त्राचं शिक्षण घेतलं. फ्रँकलिन, लुइव्हिल, बोलिंग ग्रीन, सिनसिनाटी अशा ठिकठिकाणच्या मंडळ्या सांभाळल्या आणि रविवारच्या शाळांचं काम घेऊन सबंध केंटकी पालथं घातलं. हा काळ चरित्रात सविस्तर आला आहे, म्हणून इथे तो भराभर ओलांडतो. एवढंच नोंदवतो की ज्या रविवारच्या शाळेतून त्यांना एकदा बाहेर ओढून नेलं होतं, त्याच शाळा आता ते गावोगाव उघडत होते.

१८७७ साली त्यांनी जोसेफिन लेव्हेल हिच्याशी लग्न केलं. ती केंटकीतल्या ट्रेंटनची, संगीताची शिक्षिका, पियानो आणि ऑर्गन दोन्ही वाजवणारी. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी आईला घरी आणलं. तेरा मुलांच्या त्या माउलीला म्हातारपणी मुलाच्या घराचं दार स्वतःचं म्हणून उघडता आलं, पण ते थोडेच महिने. १८७८मध्ये ती गेली. पुढे ईवा आणि नेला या दोन मुली झाल्या. नवरा पलटणीत गेला तेव्हा जोसेफिनही दोन्ही मुलींना घेऊन त्याच्याबरोबर ठाण्याठाण्याला फिरली. उपासनेच्या वेळी ऑर्गन तीच वाजवी. चॅप्लेनचं घर म्हणून शिपाई त्या घराकडे पाहत, आणि शिपायांच्या बायकापोरांना हक्काने जाता येईल असं ठाण्यातलं अधिकाऱ्याचं घर ते एकच होतं. या चरित्रात मला एक उणीव जाणवते ती जोसेफिनच्या बाबतीत. तिच्यावर एक स्वतंत्र प्रकरण हवं होतं. सरहद्दीवरच्या ठाण्यात, जिथे बाकी अधिकाऱ्यांची घरं गोरी, तिथे दोन मुली वाढवण्यात रोज काय काय गिळावं लागलं असेल ते तिलाच ठाऊक.

आता पलटणीकडे येऊ. १८६६च्या कायद्याने अमेरिकी काँग्रेसने कृष्णवर्णीयांच्या पलटणी कायमच्या केल्या. आधी सहा होत्या, १८६९मध्ये पायदळाच्या चारांच्या दोन करून एकूण चार उरल्या. अधिकारी जवळपास सगळे गोरे. या कायद्यात एक कलम असं होतं की यातल्या प्रत्येक पलटणीला एक चॅप्लेन असेल आणि उपासनेबरोबरच शिपायांना लिहायला-वाचायला शिकवणं हेही त्याचं काम असेल. सैन्यात आलेल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. गुलामीत ती मिळाली नव्हती आणि गुलामीनंतर पोट भरण्यापुढे सवड झाली नव्हती. कलम कागदावर होतं. ते मनापासून अंमलात आणणारा माणूस पलटणीला मिळणं हा नशिबाचा भाग होता.

चोविसाव्या पलटणीला असा माणूस मिळाला. न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट बेयार्डला असताना अ‍ॅलन्सवर्थ यांनी १८८९ साली ठाण्यातल्या शाळेसाठी अभ्यासक्रमाची रूपरेषा आणि नियम तयार करून छापले. कोणत्या इयत्तेला काय शिकवायचं, वर्ग कसे लावायचे, मुलांचं काय आणि शिपायांचं काय, सगळं त्यात नमूद केलेलं. एका दूरच्या ठाण्यासाठी लिहिलेली ही पुस्तिका पुढे सैन्यातल्या इतर शाळांसाठीही नमुना ठरली. १८९१मध्ये टोरांटोला भरलेल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेत ते अमेरिकी सैन्यातल्या शिक्षणाच्या इतिहासावर बोलले. त्यांच्या शाळेचा रोख निव्वळ बाराखडीवर नव्हता. शिपाई उद्या सैन्यातून सुटल्यावर कुठे उभा राहील हा प्रश्न त्यांच्यापुढे कायम असे. हिशेब, कारकुनी, छपाई, पावभट्टी, स्वयंपाक, जे जे शिकून माणूस बाहेर चार पैसे मिळवील ते ते त्यांना हवं होतं.

सैनिकाचं दिवसाचं काम काय होतं ते पाहिलं तर या शाळेची किंमत कळते. कवायत, पहारा, लाकूडफाटा, रस्ते, तारेची दुरुस्ती, घोड्यांची देखभाल. या सगळ्यानंतर दमलेला तिशी-चाळिशीचा माणूस वर्गात येऊन बसायचा आणि आपल्या पोराच्या वयाच्या मुलाचं पुस्तक उघडायचा. त्याला लाज वाटू न देता शिकवणं ही कला आहे. अ‍ॅलन्सवर्थना ती साधली होती, कारण ते स्वतः पंचविशीत बाकावर बसलेले होते.

मराठी वाचकाला हे वाचताना आपली माणसं आठवणार, आणि ते योग्यच आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. त्या वेळी तिकडे अ‍ॅलन्सवर्थ नवे पाळक होते. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं, पण फुले ज्या मुक्तीला दाद देत होते ती मुक्ती मिळाल्यावर माणूस काय करतो याचं उत्तर केंटकीत चालू होतं. ज्या १८८६ साली अ‍ॅलन्सवर्थ पलटणीत दाखल झाले, त्याच साली गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन दापोलीला स्थायिक झाले आणि त्यांनी अस्पृश्यांच्या हक्कांसाठी लेखणी उचलली. महूच्या लष्करी शाळेत सुभेदार रामजी सकपाळ मुख्याध्यापक होते. ब्रिटिशांच्या देशी सैन्यात शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी शिक्षण होतं आणि म्हणून महार पलटणींतल्या घरांत अक्षर पोहोचलं, हे बाबासाहेबांनी आवर्जून नोंदवलं आहे. १४ एप्रिल १८९१ला ते स्वतः जन्मले ते अशाच एका लष्करी शिक्षकाच्या घरी. त्या वर्षी फोर्ट बेयार्डची शाळा भरात होती. तुलना फार ताणू नये. तिथे वंश होता, इथे जात होती, आणि इथे राज्य परक्यांचं होतं. पण बाहेरच्या शाळेचं दार ज्याला बंद, त्याला पलटणीच्या शाळेने आत घेतलं, हे दोन्हीकडे सारखंच खरं आहे.

दोन्हीकडे एक अवघड बाजूही आहे आणि चरित्रकाराने ती लपवलेली नाही. कृष्णवर्णीय पलटणी ज्या सरहद्दीवर उभ्या होत्या ती जमीन मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती. फोर्ट बेयार्ड हे ठाणंच अपाची लोकांविरुद्ध उभारलेलं. १८९९मध्ये आयडाहोतल्या खाणकामगारांचा संप मोडायला जी फौज गेली तिच्यात चोविसावी पलटण होती. त्यानंतर ती फिलिपिन्समध्ये लढली, स्वातंत्र्य मागणाऱ्या तिथल्या लोकांशी. चॅप्लेन अ‍ॅलन्सवर्थही तिकडे होते. ज्याला स्वतःच्या देशात ट्राममध्ये शेजारी बसू देत नव्हते, तो त्याच देशाचं निशाण परक्या बेटांवर घेऊन गेला. महार, मराठा, शीख पलटणींनी इंग्रजांसाठी केलेल्या लढाया ज्यांच्या घरात सांगितल्या जातात त्यांना यातला पेच समजावून सांगावा लागणार नाही.

ट्रामचं उदाहरण हवेतलं नाही. १८९६ साली पलटण युटातल्या फोर्ट डग्लसला आली तेव्हा सॉल्ट लेक सिटीतल्या 'ट्रिब्यून'ने अग्रलेख लिहून चिंता व्यक्त केली की हे शिपाई गावातल्या ट्रामगाड्यांत बायकांच्या शेजारी बसतील. पलटणीतल्या एका साध्या शिपायाने वृत्तपत्राला पत्र लिहून उत्तर दिलं. आम्ही सैनिक आहोत, आम्हाला माणसासारखं वागवा, असा त्याचा सूर होता. वर्षभराने त्या वृत्तपत्राने आपला अंदाज चुकल्याचं छापलं. मला या घटनेत सर्वांत मोलाचं वाटतं ते शिपायाने पत्र लिहिणं. पलटणीत शाळा नसती तर ते पत्र लिहायला किती हात पुढे आले असते?

१९०६ला निवृत्त झाल्यावर अ‍ॅलन्सवर्थ कुटुंब लॉस एंजेलिसला आलं. वय चौसष्ट, निवृत्तिवेतन चालू, मुली मोठ्या झालेल्या. कोणीही विसावला असता. ते व्याख्यानांसाठी गावोगाव फिरू लागले. बुकर टी. वॉशिंग्टन यांचा स्वावलंबनाचा विचार त्यांना पटलेला होता. प्राध्यापक विल्यम पेन या शिक्षकाशी त्यांची गाठ पडली आणि दोघांच्या बोलण्यातून एक गाव काढायचं ठरलं. कृष्णवर्णीयांनी विकत घेतलेलं, त्यांनीच वसवलेलं आणि चालवलेलं. १९०८च्या जूनमध्ये त्यासाठी संस्था स्थापन झाली. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाच्या टुलारी काउंटीत, सांता फे रेल्वेच्या सोलिटो स्थानकाजवळ, गावाचा नकाशा नोंदवला गेला. गावाचं नाव अ‍ॅलन्सवर्थ. गल्ल्यांना नावं दिली ती फ्रेडरिक डग्लस, सोजर्नर ट्रूथ आणि कवी डनबर यांची. जमिनीच्या जाहिराती सैनिकांपर्यंत खास पोहोचवल्या गेल्या. पलटणीतून सुटलेल्या माणसाने कुठे जावं, या जुन्या प्रश्नाचं हे त्यांचं शेवटचं उत्तर होतं.

काही वर्षांत तिथे दोन-तीनशे माणसं राहू लागली. शाळा झाली, तिचा स्वतंत्र शाळा-जिल्हा झाला, पेन तिचे मुख्याध्यापक. टपालघर, दुकानं, हॉटेल, बाप्टिस्ट मंडळी. १९१३मध्ये जोसेफिनने आपल्या आईच्या, मेरी डिकिन्सनच्या नावाने वाचनालय बांधून दिलं आणि कर्नलनी आपली पुस्तकं त्यात आणून ठेवली. पुस्तक हातात दिसलं म्हणून ज्याला फटके बसले त्याने गावाला पुस्तकांची खोली दिली. १९१४मध्ये ऑस्कर ओव्हर या रहिवाशाला लोकांनी न्यायाधीश म्हणून निवडून दिलं. कॅलिफोर्नियातले ते पहिले कृष्णवर्णीय जस्टिस ऑफ द पीस. आपलं मत, आपला न्यायाधीश, आपली शाळा, आणि हे सगळं पन्नास वर्षांपूर्वी ज्यांचे लिलाव होत होते त्यांचं.

गाव मोडलं ते पाण्याने. जमीन विकणाऱ्या कंपनीने पुरेसं पाणी देण्याचा शब्द दिला होता, तो पाळला नाही. खोदलेल्या विहिरींचं पाणी घटत गेलं, जमिनीला खार चढला. रेल्वे कंपनीने स्थानकावर कृष्णवर्णीय माणूस नेमायला नकार दिला आणि पुढे जवळच्या अल्पॉगकडे फाटा काढून गावाचा धंदा तिकडे वळवला. राज्याच्या खर्चाने इथे तंत्रशाळा काढण्याचा प्रस्ताव विधिमंडळात अडला. त्याला लॉस एंजेलिस आणि ओकलंडच्या काही कृष्णवर्णीय पुढाऱ्यांचाही विरोध होता. वेगळी शाळा म्हणजे वेगळेपणावर आपणच शिक्का मारणं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते चूक नव्हतं. अ‍ॅलन्सवर्थ आधी पायाखाली जमीन मागत होते, विरोधक सगळ्यांच्या शाळेत समान बाक मागत होते. हा वाद आपल्याकडेही नवा नाही आणि तो इथे मिटवण्याचा माझा आग्रह नाही.

१३ सप्टेंबर १९१४, रविवार. अ‍ॅलन्सवर्थ मनरोव्हियाला उपदेश करायला निघाले होते. ट्राममधून उतरून रस्ता ओलांडताना दोन तरुणांच्या मोटरसायकलने त्यांना उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. वय बहात्तर. त्यांचा अंत्यविधी लॉस एंजेलिसच्या सेकंड बाप्टिस्ट चर्चमध्ये झाला. त्याच साली चार्ल्स अलेक्झांडर यांचं त्यांच्यावरचं चरित्र बॉस्टनहून प्रसिद्ध झालं. लहानपणाच्या बहुतेक कथा आपल्याला त्यातून मिळतात आणि त्या कर्नलनी स्वतः सांगितलेल्या आहेत. मायेने लिहिलेलं पुस्तक आहे ते. त्यातून देव्हाऱ्यातला माणूस दिसतो. प्रस्तुत चरित्राने त्याला खाली आणून शिपायांच्या वर्गात, घरच्या टेबलाशी आणि पाण्याच्या भांडणात बसवलं, हे मला त्याचं खरं यश वाटतं. वाचकाने घाई असेल तर फोर्ट बेयार्डचं प्रकरण आधी वाचावं. बाकीचं आपोआप मागे-पुढे लागतं.

जोसेफिन पतीनंतर बरीच वर्षं जगली, लॉस एंजेलिसला मुलीकडे. गावात माणसं येत-जात राहिली, मंदीने आणि कोरड्या विहिरींनी अनेकांना शहराकडे ढकललं. १९६६मध्ये पाण्यात आर्सेनिक सापडलं आणि गाव पुसलं जाईल अशी वेळ आली. तेव्हा लहानपणी इथे राहिलेल्या एड पोप यांनी चिकाटीने पाठपुरावा केला, आणि १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियाने ही जागा ऐतिहासिक उद्यान म्हणून ताब्यात घेतली. शाळा, वाचनालय, कर्नलचं घर पुन्हा उभं आहे, आणि दरवर्षी दुरून माणसं तिथे जमतात. उद्यानाला लागून आज जे गाव आहे त्यात आता बहुतांश शेतमजूर, स्पॅनिश बोलणारी कुटुंबं, राहतात. पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकसाठी त्यांचा झगडा अजून चालू आहे. २०२३च्या मार्चमध्ये टुलारीचं आटलेलं सरोवर पुराने पुन्हा भरू लागलं आणि गाव सोडायचे आदेश निघाले, तेव्हा काही रहिवासी मागे थांबले. फळ्या आणि वाळूची पोती लावून त्यांनी मोरी बुजवली आणि पाणी गावाबाहेर थोपवून धरलं.